आधी माझे दात बघ

गायकवाड बाईंच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा भांडण करायचंच काय ते बाकी राहिलं होतं. माझा रोहन तेव्हा पहिलीत होता आणि दाढेनं त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर तो दवाखाना, बाहेर 'लहान मुलांचे दात' एवढीच पाटी. आत गेलो तर डॉक्टरीण बाई स्वतःच पेशंटच्या खुर्चीवर जाऊन आडव्या झाल्या. रोहनच्या हातात मोजे चढवले, एक छोटा आरसा आणि बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "आधी माझे दात बघ. सगळे बघायचे हं, घाई नाही करायची." आणि मोठा आ वासला. रिक्षातून खाली उतरायला तयार नसलेला माझा मुलगा स्टुलावर चढून त्यांच्या तोंडात डोकावायला लागला!

मी म्हटलं, "अहो डॉक्टर, दुखतंय कुणाला?"

तोंड मिटून त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याला. पण तोंडही त्याचंच आहे, कधी उघडायचं ते तो ठरवेल. आपण बाहेर बसा."

मी बाहेर बसले आणि फणफणत बसले. त्या दिवशी रोहननं तोंड उघडलंच नाही. ठणका कमी व्हायचं औषध घेऊन आम्ही घरी आलो आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं की ही बाई काही कामाची नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या रोहन चपला न काढता दारातच उभा. "चल ना, गायकवाड डॉक्टरांकडे जायचंय. काल त्यांचे वरचे दात बघायचे राहिले."

त्या मेल्या दाढेचं काम त्या दिवशी झालं, आणि पोरगं रडलंही नाही. पुढे मी कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले. एकदा स्वारगेटच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी असताना बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी ओळख दिली. त्या म्हणाल्या, "आपटे काकू ना? माझ्याकडे बाहेरच्या टेबलावर बसायला माणूस हवंय. मुलांना मी सांभाळते. आयांना सांभाळेल असं कुणीतरी खमकं पाहिजे." मी खमकी आहे हे त्यांच्या लक्षात का राहिलं होतं ते मी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी कामावर हजर झाले.

आयांना सांभाळणं हे काम किती अवघड आहे ते तिथं बसल्यावर कळलं. येणारी प्रत्येक आई पोराला हेच सांगत यायची, "काही होत नाही रे, काहीसुद्धा करणार नाहीत." बाईंना ह्या वाक्याची भयंकर चीड. त्यांनी मला एक पाटी करून लावायला सांगितली होती: 'येथे मुलांना काही होत नाही असे सांगू नये. होते. किती होते ते डॉक्टर सांगतील.' आणि त्या खरंच सांगायच्या. "आता मुंगी चावल्यासारखं होईल. मग गाल जाड वाटेल. मग काही कळणार नाही. मधे थांबावंसं वाटलं तर हात वर कर, मी थांबेन." मुलानं हात वर केला की त्या थांबायच्याच. काही पोरं नुसतं बघायची, खरंच थांबतात का! मग पुन्हा हात वर. पुन्हा त्या थांबायच्या. बाहेर रांग वाढायची आणि मी आत जाऊन डोळे वटारायची. त्या म्हणायच्या, "काकू, त्याचा विश्वास बसेपर्यंत मला वेळ आहे."

दुधाचे दात काय, पडायचेच आहेत, त्यात कशाला सिमेंट भरायचं, असं एकदा एका बापानं ऐकवलं. बाई म्हणाल्या, "तुमचा भाडेकरूही कधीतरी जाणारच आहे. म्हणून त्यानं भिंती पोखरल्या तर चालतील का?" बापाच्या मालकीचे दोन फ्लॅट होते, त्याला लगेच समजलं. मुलांसाठी त्यांची भाषा वेगळी असायची. "सकाळचा ब्रश लोकांसाठी, रात्रीचा स्वतःसाठी. एकच करणार असशील तर स्वतःसाठीचा कर." आणि ब्रश झाला की फेस थुंकून टाकायचा, लगेच खळखळून चूळ भरायची नाही, हे त्यांचं सांगणं तर घरोघरच्या आज्यांना मुळीच पटायचं नाही. चूळ न भरता झोपायचं म्हणजे काय, शिव शिव! एक आजी खास भांडायला आल्या होत्या. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आजी, आपण तोंडाला क्रीम लावून लगेच तोंड धुता का?" आजींनी पिशवी उचलली. मग नातवाला म्हणाल्या, "चल रे."

मूल आठवीत गेलं की बाई त्याला 'अहो' म्हणायला लागायच्या. दातांना तारा लावलेली, आवाज फुटलेली ती कार्टी पहिल्यांदा मागे वळून बघायची, बाबा आलेत की काय! वाघोलीच्या एका शाळेत त्या अधूनमधून मुलांना शिकवायला जायच्या. तिथला नववीतला एक मुलगा गालात सुगंधी सुपारी ठेवूनच वर्गात बसायचा. मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. बाई म्हणाल्या, "बसू द्या त्यांना." तास संपल्यावर त्याला बाजूला घेतलं. "मी आपल्या घरी सांगणार नाही. आपण फक्त मला गाल आतून दाखवा." त्यानं दाखवला. बाईंनी त्याला आरशात त्याचाच गाल दाखवला आणि म्हणाल्या, "ही जागा बघून ठेवा. तोंडातली कुठलीही जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर लपवायची नाही, दाखवायची. घाबरायचं, पण दाखवायचं." त्यानं तेव्हा काहीच कबूल केलं नाही. काही महिन्यांनी मात्र तो एकटाच दोन बस बदलून दवाखान्यात आला आणि म्हणाला, "म्याडम, सुटलीय. बघा." बाई त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत चक्क गुणगुणत होत्या.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही हसत. वडील पोस्टात होते. बाबासाहेबांना मानणारं घर, पोरीनं शिकलंच पाहिजे ह्याबद्दल वडिलांचं दुमत नव्हतं. बाई सात-आठ वर्षांच्या असताना त्यांचा दात काढायला एका दवाखान्यात नेलं होतं. कुणी हात धरले, कुणी पाय, कुणी डोकं, आणि सगळे मिळून म्हणत होते, काही होत नाही, काही होत नाही. "काकू, दुखलं त्याचं मला काही नाही. दुखत असताना सगळे 'नाही' म्हणत होते ना, त्यानं मी वेडी व्हायची बाकी राहिले." मग पदर खोचावा तशी ओढणी खोचून म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, ह्या खुर्चीवर आपण उभ्या बाजूला असायचं, आडव्या नाही." मी म्हटलं, "आणि रोज आडव्या होता ते?" तर म्हणाल्या, "मुलांसमोर होते हो. मुलं धरून ठेवत नाहीत."

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. मे महिना म्हणजे आमच्याकडे नुसती जत्रा. शाळांना सुट्ट्या, त्यामुळे सगळ्यांना दात तेव्हाच आठवतात. त्यात ईरा आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, आणि ओठ असे मिटलेले की जणू कुणी शिवले आहेत. एप्रिलमध्ये ती दोनदा येऊन तशीच गेली होती. आरसा हातात घ्यायलाही तयार नव्हती. आई बिचारी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून यायची आणि रडवेली होऊन जायची. त्या दिवशी मात्र ईरानं आरसा घेतला. स्टुलावर चढली आणि इतकं मन लावून बघायला लागली की मीसुद्धा टेबल सोडून दारात जाऊन उभी राहिले.

"जीभ वर करा," ती म्हणाली. बाईंनी केली. "आता इकडे. आता तिकडे." मग ती थांबली. "इथं काहीतरी आहे. कडेला. पांढरं आणि मधे लाल."

बाईंनी तोंड मिटलं नाही, पण त्यांचे डोळे बदलले.

"दुखतं का?" ईरानं विचारलं. अगदी बाईंच्याच सुरात.

"थोडं."

"किती दिवस झाले?"

बाई उठून बसल्या. मोजे घातलेला तिचा हात त्यांनी धरला होता. "बरेच झाले," त्या म्हणाल्या.

"मग दाखवलं का नाही?"

बाईंनी तिच्या हातातून आरसा घेतला. म्हणाल्या, "तू फार छान तपासलंस. आता मी बघू का?" आणि ईरा खुर्चीवर बसली आणि तिनं तोंड उघडलं. काम झालं. ईरा जिंकून बाहेर आली, वेण्या उडवत. संध्याकाळी बाई हात पुसत माझ्या टेबलाशी आल्या. "काकू, उद्याची मुलं पुढे ढकला. मला एका ठिकाणी जाऊन यायचंय."

त्यांच्या डाव्या दाढेतलं जुनं सिमेंट तुटून तिची धार जिभेला लागत होती. त्या धारेमुळेच झालं असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. तंबाखूच्या पुडीला ज्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही त्यांच्या जिभेचा तुकडा तपासायला गेला आणि जे यायचं ते उत्तर आलं. मी संतापले. "अहो, जगाला पंधरा दिवस शिकवता, आणि स्वतः?" तर म्हणाल्या, "मे महिना होता ना काकू. म्हटलं, सुट्ट्या संपल्या की दाढ घासून घेऊ, जखम भरेल." मला ते पटलं. त्यांच्या आईला पटलं, सगळ्यांनाच पटलं. दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या माणसाचं असंच होतं, असं जो तो म्हणाला.

जिभेचा एक भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशनचा शेक दिला. बाई घरी आल्या तेव्हा बोलणं जाड झालं होतं. तोंडात गरम घास असताना बोलावं तसे शब्द यायचे. मी रोज जायची, मला सवयीनं कळायला लागलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी अर्थ सांगायची. दवाखाना एका तरुण डॉक्टर मुलीनं तात्पुरता चालवायला घेतला होता, त्यामुळे माझं टेबल चालू होतं.

एक दिवस ईराची आई त्या टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्या रडायला लागली. ईरा दात घासत नव्हती. बेसिनवरच्या आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता. कुणी "आ कर" म्हटलं की किंचाळायची. घरात कुणीतरी बोलून गेलं होतं, 'हिनं बोट ठेवलं आणि डॉक्टरला आजार निघाला.' बोलणाऱ्याला काय, कौतुकच करायचं होतं. पण पोरीनं त्यातून भलतंच घेतलं. रात्री आईला म्हणाली, "मी बघितलं म्हणून झालं. मी कुणाच्याच तोंडात बघणार नाही. माझ्या पण नाही."

"काकू, तुम्ही तिला फोनवर एवढंच सांगा," आई म्हणाली, "की डॉक्टर बऱ्या झाल्या, गावाला गेल्यात. तुमचं ऐकेल ती."

खरं सांगते, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, त्यात काय, सांगते की. आठ वर्षांचं लेकरू, एका खोट्यानं सुटत असेल तर सुटू दे. पण विचारल्याशिवाय नको म्हणून संध्याकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी मान जोरात हलवली. मानेवरचा व्रण ओढला गेला असणार, तोंड वेडंवाकडं झालं. "आणा," त्या म्हणाल्या. "तिला आणा."

रविवारी दुपारी ईरा आली. आईच्या ओढणीत तोंड लपवून कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. बाईंनी गळ्याला रुमाल बांधला होता, तो त्यांनी आधीच सोडून ठेवला. व्रण दिसत होता. मला वाटलं, कशाला, घाबरेल ना पोर. पण बाईंचं ठरलेलं होतं.

त्या बोलायला लागल्या आणि मी सवयीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"ईरा," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा करून, मधे थुंकी गिळत, थांबत. "तू बघायच्या आधीपासून दुखत होतं. मला माहीत होतं. मी दाखवलं नाही. चूक माझी."

ओढणीतून एक डोळा बाहेर आला. "तुम्ही तर सगळ्यांना सांगता, दाखवायचं म्हणून."

"सांगते. केलं नाही."

"का?"

मला उत्तर माहीत होतं. मे महिना, सुट्ट्या, गर्दी. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं, आणि ईराला म्हणाल्या, "घाबरले."

त्यांची म्हातारी आई चहा घेऊन आली होती ती दारातच थांबली. मी इतकी वर्षं त्या बाईजवळ बसले, मला हे दिसलं नव्हतं. आमच्या बाहेरच्या बाकावर ओठ मिटून बसणारी पोरं आणि ही बाई, भीती एकच. स्वतःला तपासून घ्यायचं म्हणजे बाईंना आडवं व्हावं लागलं असतं, मोठ्या माणसांसमोर. आणि ते सांगायला त्यांना आठ वर्षांची मुलगी मिळाली.

"मोठी माणसं पण?" ईरानं विचारलं.

"खूप."

"मी बघितलं म्हणून नाही झालं?"

"नाही. तू बघितलंस म्हणून मी गेले. नाहीतर अजून गेले नसते." एवढं लांब वाक्य बोलून त्यांना धाप लागली. त्यांच्या आईनं पाणी दिलं, ते अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ईरा पुढे झाली आणि तिनं आपल्या फ्रॉकनंच ते पुसलं. निघताना तिनं मला विचारलं, डॉक्टर पुन्हा कामावर कधी येणार. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

घरी गेल्यावर टॉवेल लगेच निघाला नाही. पण आठवड्याभरानं तिच्या आईचा फोन आला, आरसा मोकळा झालाय.

बाई पुन्हा आल्यासुद्धा. दिवाळीनंतर काही महिने, दिवसातून थोडा वेळ. आयांना त्यांचं बोलणं कळायचं नाही, मुलांना बरोबर कळायचं. एका पोरानं विचारलं, "तुम्ही असं का बोलता?" त्यांनी आ करून दाखवलं. त्यानं बघितलं, "ओके" म्हणाला, आणि आपल्या किडलेल्या दाताचं बोलायला लागला. दवाखान्यातली बाकीची कामं त्यांनी त्या तरुण मुलीला शिकवून टाकली. मला वाटायला लागलं होतं, सुटलो. पण पुढच्या पावसाळ्यात मानेत पुन्हा गाठ आली आणि ह्या वेळी डॉक्टरांनी फार काही सुचवलं नाही. बाईंनी ते विचारून घेतलं, स्पष्ट. मग मला म्हणाल्या, "काकू, मुलांनी विचारलं तर खरं सांगा. मी गावाला गेले म्हणू नका. माझं गावच नाही." बाहेर घंटागाडीचं गाणं वाजत होतं. मी कचऱ्याचं निमित्त करून उठले.

बाई गेल्या त्या दिवशी मला रडू आलं नाही. त्यांच्या आईला धरायचं होतं, येणाऱ्यांना पाणी द्यायचं होतं, बुद्धवंदनेला सतरंज्या घालायच्या होत्या. दवाखाना उघडला तेव्हा फोन घ्यायचे होते. विचारणाऱ्या मुलांना मी सांगत होते, गेल्या, आजारानं गेल्या. सांगता सांगता वाटायचं, आपल्याला आता कधी रडताच येणार नाही.

मग ईरा आली. आता दहाची झाली होती, नवे मोठे दात आलेले, हसली की त्यांची करवत दिसायची. त्या दिवशी हसली नाही. माझ्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली.

"काकू, मी एप्रिलमध्ये पण आले होते ना? दोनदा. तेव्हा मी आरसा घेतलाच नव्हता."

"हो," मी म्हटलं.

"तेव्हाच बघितलं असतं तर त्या वाचल्या असत्या?"

मला माहीत आहे, असल्या वेळी काय म्हणतात. तसं काही नसतं गं राणी. त्यांचं तेवढंच आयुष्य होतं. असं म्हणायला जीभ वळवळत होती. तिची आई माझ्याकडे हात जोडल्यासारखं बघत होती.

"कदाचित," मी म्हटलं. "कदाचित वाचल्या असत्या. कुणाला माहीत नाही. पण बघायचं काम तुझं नव्हतं, ईरा. त्यांचं होतं. त्यांनी तुला सांगितलं ना?"

तिनं मान डोलावली. मग ती रडली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, सगळा दवाखाना ऐकेल अशी. बाकावरची मुलं बघायला लागली. आतून नवी डॉक्टर मोजे घातलेल्या हातांनी धावत आली, तिची आई "नको ना, बाळा, गप" म्हणत पुढे झाली. मी दोघींना अडवलं. टेबलामागून उठले, पोरीला पोटाशी धरलं, आणि इतक्या दिवसांनी मीही रडून घेतलं.